मुलांच्या रक्तातील शिसे



खामगाव म्हटले की कापसाचा बाजार आणि चांदी या दोन गोष्टी प्रथम आठवतात. येथील चांदीच्या व्यापाराने या शहरास 'रजतनगरी' हे नाव मिळवून दिले आहे आणि लग्नसराईत दूरदूरची माणसे पैंजण, जोडवी, ताटवाट्या घेण्यास येथे येतात. आज आम्हास आपल्याशी धातूविषयीच बोलावयाचे आहे. परंतु हा धातू तिजोरीत ठेवण्याचा नाही. तो आपल्या नकळत घरात येतो, मातेच्या हाडांत साठतो आणि तिच्या उदरातील बालकापर्यंत जाऊन पोहोचतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी या विषयाकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हास का वाटते, ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम आपल्या शेजारची गोष्ट घेऊ. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये खामगावास लागून असलेल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील माणसांचे केस अकस्मात गळू लागले. डोके खाजावे, केस हातात यावेत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा हा प्रकार होता. पाहता पाहता अडीचशेहून अधिक माणसे बाधित झाली. त्यांत शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. कोणी शाम्पूचे नाव घेतले, कोणी बुरशीचे, कोणी खाऱ्या पाण्याचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले आणि नमुने घेऊन गेले. दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी व केस आणि गावात खाल्ला जाणारा गहू यांची तपासणी करविली. त्यांचा निष्कर्ष असा की, पंजाब-हरयाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट होते आणि रुग्णांच्या शरीरात तेच वाढले होते, तर जस्त कमी झाले होते. विंचूदंशावरील संशोधनामुळे ज्यांचे नाव जगास ठाऊक झाले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ते हेच डॉक्टर. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी पाण्याचा हक्क मागितला गेला, त्याच महाडातील वैद्याने आपल्या जिल्ह्यातील अन्नाचा प्रश्न पुढे आणावा हा केवळ योगायोग खरा. परंतु तो आम्हास मनापासून आवडला.

पंजाबातील होशियारपूर, नवांशहर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम निसर्गतःच अधिक असते, हे मृदाशास्त्रज्ञांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग असे धान्य हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करून विदर्भातील रेशनच्या दुकानात येते तेव्हा वाटेत एकाही ठिकाणी त्याची या दृष्टीने तपासणी होऊ नये काय? धान्यात किडे, माती, ओलावा पाहिला जातो. डोळ्यांस न दिसणारे कोण पाहतो? जो बाजारातून निवडून गहू घेऊ शकतो तो एका गव्हावर अवलंबून नसतो; ज्याची चूल महिनाभर रेशनच्या एकाच पोत्यावर चालते त्याच्या ताटात सारे विष एकवटते. या प्रकरणात आम्हास सर्वांत अधिक जाचली ती मुलींची अवस्था. डोक्यावर पदर घेऊन घरात बसणे, महाविद्यालय सोडणे, ठरलेली सोयरीक अडणे, हे सर्व त्यांच्या वाट्यास आले. लाज वाटावयास हवी होती कोणास, आणि वाटली कोणास!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सेलेनियम हा शिसे, पारा, कॅडमियम यांच्या जातीचा जड धातू नव्हे. अत्यल्प प्रमाणात तो शरीरास हवाही असतो. शिवाय त्याने आपले येणे केस गाळून जाहीर केले, म्हणून गाव हलले आणि सरकारही हलले. शिसे असे काही जाहीर करीत नाही. शरीरात त्याचे एकही उपयुक्त काम नाही आणि ज्याखाली ते निर्धोक समजावे अशी मर्यादा ठरविता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट म्हणणे आहे. ज्या मुलाच्या रक्तात ते आहे ते मूल हसते, खेळते, शाळेत जाते. फक्त पाढा त्याच्या ध्यानात राहत नाही, एका जागी ते बसत नाही, चटकन चिडते. गुरुजी म्हणतात, 'डोके नाही'. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजास 'तुम्हाला डोके नाही' असे सांगण्यात आले, त्या समाजातील आईबाप ते खरे मानून घेतात. वाचकहो, आमच्या लेखाचे खरे कारण हे एवढेच आहे.

१९७९ साली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टराने शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धिमापनात मागे पडत होती आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नव्हते. यांपैकी एकही मूल आजारी म्हणून डॉक्टरांकडे आलेले नव्हते. तोपर्यंत शिशाची बाधा म्हणजे पोटशूळ, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळे पडणे, झटके येणे, असे समजले जाई. ती लक्षणे खोटी नाहीत. परंतु ती फार उशिरा येतात.

हे विष मुलांनाच इतके का बाधते? शिसे शरीरास कॅल्शियमसारखे भासते. वाढणाऱ्या मुलास कॅल्शियम हवे असते, म्हणून त्याचे आतडे पोटात गेलेल्या शिशापैकी निम्म्याच्या आसपास शोषून घेते. प्रौढ माणूस सुमारे दहावा हिस्सा शोषतो. त्यातून रांगते मूल जमिनीवरचा हात सारखा तोंडात घालते. पोट रिकामे असेल, अंगात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर हे शोषण आणखी वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६८.९ मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक मुलांच्या शरीराचे दार या विषास आधीच उघडे आहे.

मातेची गोष्ट याहून कठीण आहे. शोषलेले शिसे हाडांत जाऊन बसते आणि तेथे दहा-वीस वर्षे राहते. स्त्री गरोदर राहिली की बाळाची हाडे घडविण्यासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम सुटू लागते आणि त्याबरोबर जुने शिसेही सुटते. दहा वर्षांची असताना तिने भट्टीजवळ जो धूर घेतला, तो पंचविसाव्या वर्षी तिच्या गर्भाकडे निघतो. वार त्यास अडवीत नाही. मातेच्या आणि गर्भाच्या रक्तातील प्रमाणात फार अंतर राहत नाही. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल, गरोदरपणातील रक्तदाब यांचा संबंध शिशाशी जोडलेला आहे. अशा वेळी घरात काय बोलले जाते ते आपण सर्वांनी ऐकले आहे. कोणाची दृष्ट लागली, सून पांढऱ्या पायाची निघाली, पूर्वजन्मीचे काही असेल! त्या बाईच्या रक्ताचा एक थेंब तपासावा असे कोणास सुचत नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व मोठ्या शहरांतले. तसे नाही. २०२० साली युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील दर तीन मुलांत एकाच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आहे. डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. अशी मुले भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी असावीत, असा त्या अहवालाचा अंदाज होता. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅमलाच डॉक्टर सावध होतात.

आता हे येते कोठून? आधी आमचेच सांगतो. लहानपणी आम्ही मुले भंगारातल्या मोटारीच्या बॅटरीची पत्री काढून, पत्र्याच्या डबीत वितळवून, त्याच्या गोळ्या करीत असू. शिसे लवकर वितळते आणि चांदीसारखे चमकते, म्हणून त्या खेळास मोठी गोडी होती. तेच हात पुसून आम्ही भाकरी खाल्ली आहे. कोणी रागावले नाही, कारण कोणास ठाऊकच नव्हते. आजही बॅटरीतील शिसे हाच जगातील शिशाच्या वापराचा सर्वांत मोठा भाग आहे. जुनी बॅटरी नोंदणीकृत कारखान्याकडेच गेली पाहिजे, असे २००१ चे नियम सांगत होते आणि २०२२ चे नियमही सांगतात. परंतु ती फोडणारा हात कोणाचा, आणि ज्या अंगणात ती फुटते ते अंगण कोणाचे, हे आम्ही आपणास सांगावयास नको. गावकी सुटली, मेलेली ढोरे ओढणे सुटले. भंगार, गटार आणि कचरा मात्र पुष्कळांच्या अंगाला अजून चिकटून आहेत.

चांदीसोन्याच्या कामाचेही असेच. दागिन्याचा सांधा जोडण्यासाठी डाकात कॅडमियम वापरण्याची पद्धत आपल्या देशात रूढ होती; 'केडीएम' हे सराफ्यातील नाव त्यावरूनच आलेले आहे. या डाकाचा धूर फुफ्फुसास आणि मूत्रपिंडास घातक असतो. सराफांच्या दुकानापुढची माती आणि गटाराची रेव धुऊन कण वेचणारे झारेकरी आपण पाहिले असतील. त्या मातीतील कण धरण्यास जेथे पारा वापरतात आणि मग तो चुलीवर उडवितात, तेथे पाऱ्याची वाफ त्याच खोलीत झोपलेल्या बाळाच्या श्वासात जाते. ती दिसत नाही, तिला वासही नाही. कारागिराचा यात दोष नाही. त्याला काम हवे आहे, आणि धूर ओढून घेणारी चिमणी व घरापासून वेगळी जागा देण्याची ऐपत धंद्याच्या नफ्यात खचित आहे.

स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यातही हे विष येते. भांड्यास कल्हई करावी ती कथिलाची. स्वस्त कल्हईत शिसे मिसळलेले असू शकते आणि चिंच, ताक, कोकम त्यास अन्नात उतरविते. भंगार वितळवून ओतलेली जर्मनची भांडीही याच वर्गातली. खुल्या बाजारातील झगझगीत पिवळी हळद पाहून फसू नका. हळकुंडे चकाकावीत म्हणून त्यांवर शिसेयुक्त पिवळा रंग चढविण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीस आला. २०१९ साली तेथील बाजारातील हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे होते. सरकारने दंड, तपासणी आणि प्रचार अशा तिन्ही अंगांनी काम केले आणि २०२१ साली ते प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! गरीब देशास जमत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेंदूर म्हणजे मुळात शिशाचीच तांबडी राख आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या दगडापुढे हात जोडले, त्यास तेलात कालवून फासलेले द्रव्य तेच. आपण प्रतिज्ञा घेऊन त्या दगडापासून दूर झालात. त्याची कारणे वेगळी होती आणि मोठी होती. येथे आमचा युक्तिवाद धर्माचा नसून रसायनाचा आहे, आणि तो शेजारच्या घरासही तितकाच लागू पडतो: रांगत्या मुलाच्या हाती शेंदूर पडू देऊ नये. बाजारच्या कुंकवात हाच रंग भेसळीने असू शकतो. बाळाच्या डोळ्यांत घालण्यासाठी विकत मिळणारा सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो. घरी दिव्यावर धरलेल्या काजळीचा प्रकार निराळा. बाळघुटीतली मुरुडशेंग ही वनस्पती होय, तर मुरदाडशिंग हे शिशाचे भस्म होय. नावांत एका अक्षराचे अंतर, म्हणून दुकानदाराने पुडी बांधताना आपण नाव दोनदा उच्चारावे.

आणि औषधांविषयी. मूल व्हावे, मुलगाच व्हावा, गर्भ बळकट व्हावा, म्हणून स्त्रियांना देण्यात येणाऱ्या पुड्यांत कोणती भस्मे आहेत हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आढळले. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधे घेत होत्या. तेथे त्या सापडल्या, कारण तेथे गरोदर बाईला धोका दिसला की तिचे रक्त शिशासाठी तपासतात. आपल्याकडे हिमोग्लोबिन तपासतात, साखर तपासतात, आणि तेथे थांबतात.

पाऱ्याचा आणि कॅडमियमचा इतिहास जपानने आपल्या शरीरावर लिहून ठेवला आहे. १ मे १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या साडेपाच महिने आधी, मिनामाता या गावातील विचित्र आजाराची नोंद सरकारदप्तरी झाली. कारखान्याचा पारा समुद्रात, समुद्रातून माशांत, माशांतून माणसांत गेला होता. कित्येक माता स्वतः बऱ्या दिसत आणि त्यांच्या पोटी मात्र जन्मतः लुळी, मतिमंद मुले येत. आईच्या शरीरातला पारा मुलाने घेतला होता. जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भाताच्या शेतात गेले आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांची हाडे जरा धक्का लागताच मोडू लागली. जपान सरकारने त्या रोगाचे कारण १९६८ साली मान्य केले.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. तेथील मूत्रपिंडाच्या रोगाने किती घरे बसली ते खामगावच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. या रोगाचे एकच एक कारण अमुक असे ठामपणे सांगणे घाईचे होईल. क्षार आहेत, कीटकनाशके आहेत, उन्हातली मजुरी आहे, वेदनाशामक गोळ्या आहेत. परंतु महाराष्ट्रातील एका लहान गावात पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा संबंध डॉ. बावस्कर यांनीच २०१० साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. तेव्हा पाण्याची चव खारट आहे काय, एवढेच विचारून भागणार नाही. चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क मिळविण्यास न्यायालयात १९३७ साल उजाडावे लागले. नळ आपल्या वस्तीत आला म्हणून तो लढा संपला असे आम्ही मानीत नाही. त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क त्याच हक्काचा भाग आहे.

मातेच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वी दिलेले आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला, आणि मजूरमंत्री या नात्याने १९४३ साली खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतीविषयक कायद्यात दुरुस्ती मांडली. बाळंतपण ही त्या बाईची खासगी बाब नसून राष्ट्राने आणि मालकाने तिचा भार उचलला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाची बाधा सरकारास कळविण्याच्या रोगांच्या यादीत घातली. परंतु कायद्याचा कारखाना म्हणजे फलक आणि हजेरीपट असलेली जागा. अंगणात बॅटरी फोडणाऱ्या बाईचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते?

सरकारला हे अशक्य नाही. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. १९९७ च्या सुमारास मुंबईच्या तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे होते. पेट्रोल बदलल्यावर केलेल्या तपासणीत ते प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर उतरले. एका निर्णयाने लक्षावधी मुले वाचली, त्यांना कळलेही नाही. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियमही २०१७ पासून लागू आहे.

आपल्या हाती जे आहे ते थोडे आहे, परंतु ते आजच करण्यासारखे आहे. भंगार, बॅटरी, रंग, सराफी, वेल्डिंग यांपैकी कोणतेही काम करणाऱ्याने कामाचे कपडे घरात आणू नयेत, ते मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि हातपाय साबणाने धुतल्याशिवाय मुलास उचलू नये. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ उडत नाही. मुलाला उपाशीपोटी अंगणात सोडू नये. नाचणी, तीळ, दूध, हिरव्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, जे परवडेल ते द्यावे. गरोदर बाईने आरोग्यकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या फळीवर ठेवून न देता खाव्यात. हे विनोदाने म्हटले असले तरी त्या गोळ्या कोठे पडून असतात ते आशाताईंना विचारा. स्तनपान मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावाचून बंद करू नये. 'शरीरातील विष काढतो' म्हणणाऱ्या वैदूच्या वाटेस जाऊ नये. शिसे बाहेर काढण्याचे औषध आहे, पण ते रक्त तपासून रुग्णालयातच देण्याचे आहे.

उरते ते मागणीचे. धोक्याच्या व्यवसायातील घरांतल्या गरोदर स्त्रियांची आणि पाच वर्षांखालील मुलांची शिशासाठी रक्ततपासणी शासकीय रुग्णालयात विनामूल्य व्हावी, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणाऱ्या धान्याची जड धातूंसाठी व सेलेनियमसाठी गोदामातच तपासणी व्हावी, या दोन मागण्यांचा अर्ज प्रत्येक वस्तीने द्यावा. महिला मंडळाने तो विहारात वाचून दाखवावा आणि त्यावर प्रथम स्त्रियांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या वस्तीतील विहिरीच्या व नळाच्या पाण्याची अखेरची तपासणी केव्हा झाली आणि तीत शिसे, कॅडमियम, आर्सेनिक मोजले काय, हा प्रश्न २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारावा. अर्जात विहिरीची अथवा टाकीची जागा स्पष्ट लिहावी आणि अहवालाची प्रत मागावी. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल तर त्यास शुल्क पडत नाही. शिधापत्रिकेची किंवा तशा दाखल्याची छायाप्रत सोबत जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.